हिमालयाचं बालपण कुठे सापडतं?

कालका-सिमला रेल्वेनं गेला असाल, तर वाटेत ‘कुमारहट्टी-डगशाई’ हे स्टेशन लागलेलं आठवेल. त्या परिसरात तांबडा-जांभळट खडक दिसतो. हिमालय लहान होता तेव्हाची गोष्ट सांगणाऱ्या खडकांपैकी तो एक आहे.

पण मग शिखरांवर का शोधायचं नाही? कारण पर्वत वाढतो तसा झिजतोही. हिमालयात आज उघड्यावर दिसणारे बरेच खडक एकेकाळी कित्येक किलोमीटर खोल गाडलेले होते. त्यांच्या डोक्यावरचा भाग नद्यांनी केव्हाच वाहून नेला. म्हणजे पहिला हिमालय वर उरलेलाच नाही. तो गाळ होऊन पायथ्याशी आणि समुद्रात जाऊन पडलाय.

जुनं घर उतरवताना आधी कौलं खाली येतात, मग वासे, शेवटी जोत्याचे दगड. ढिगाऱ्यात मात्र कौलं तळाशी असतात. गाळाचंही तसंच. पर्वताचा सगळ्यात वरचा थर गाळात सगळ्यात खाली सापडतो. म्हणून भूवैज्ञानिक गाळाचे थर खालून वर वाचत जातात.

सिमल्याच्या वाटेवर असे तीन थर आहेत. सगळ्यात जुना सुबाथू. त्यात न्युम्युलाइट नावाच्या, नाण्यासारख्या चपट्या समुद्री जिवांचे अवशेष मिळतात. म्हणजे इथे उथळ समुद्र होता. त्यावर डगशाई, नद्यांनी आणलेली तांबडी माती आणि वाळू. त्याहून वर कसौलीचा करडा-हिरवट वालुकाश्म. डगशाईपासून पुढे गाळात रूपांतरित खडकांचे तुकडे दिसतात. खोल दाबाखाली, उष्णतेत तयार झालेले खडक उघडे पडून झिजू लागले होते, असा त्याचा अर्थ.

हे कधी घडलं? इथे वाळूचे कण घड्याळाचं काम करतात. झिरकॉन या खनिजात थोडं युरेनियम असतं. त्याचे अणू फुटतात तेव्हा स्फटिकात सूक्ष्म ओरखडे उमटतात. खडक खोल आणि गरम असेल तर ते बुजून जातात. वर येऊन साधारण २४० अंशांखाली थंड झाला की टिकू लागतात. ओरखडे आणि युरेनियम मोजलं की कण केव्हा थंड झाला ते कळतं. अभ्रकातल्या आर्गॉन वायूवरूनही असाच हिशेब निघतो.

आता एक साधा तर्क. बंद पेटीत १९८५ सालचं नाणं निघालं, तर ती पेटी १९८५ च्या आधी बंद झालेली नाही. तसंच, गाळ त्यातल्या सगळ्यात तरुण कणांपेक्षा जुना असू शकत नाही. मात्र गाळ नंतर पुन्हा फार तापलेला नसावा, नाहीतर घड्याळ परत शून्यावर येतं. या हिशेबानं डगशाईचा गाळ सुमारे ३ कोटी १० लाख वर्षांपेक्षा तरुण ठरला.

या तर्कानं एक मोठी समजूतही बदलली. पाकिस्तानातल्या बालाकोटचा तांबडा गाळ ५ कोटी वर्षांहून जुना मानला जाई, कारण त्याच्या थरांमध्ये त्या काळचे जीवाश्म असलेले चुनखडीचे पट्टे होते. २००१ साली त्या गाळातल्या अभ्रकाचं वय प्रसिद्ध झालं, आणि गाळ ४ कोटी वर्षांपेक्षा तरुण निघाला. चुनखडीचे पट्टे त्याच्याबरोबर साचलेलेच नव्हते. जमिनीच्या हालचालींनी ते मध्ये घुसले होते. जीवाश्म खोटं बोलत नव्हते, ते फक्त दुसऱ्या थरातले होते.

फरक १ कोटी वर्षांहून जास्त. त्यानं काय बिघडतं? हिमालय उंच केव्हा झाला, त्यानं वारे आणि पाऊस केव्हा अडवला, समुद्रात गाळ केव्हा ओतला, हे सगळे हिशेब या तारखांवर उभे आहेत. तारीख चुकली की वरची इमारतही डळमळते.

अजून एक कोडं आहे. सुबाथू आणि डगशाई यांच्यामध्ये सुमारे १ कोटी वर्षांचा गाळच नाही. मधली पानं फाटलेली. त्यातली काही शेकडो किलोमीटर दूर सापडली: बांगलादेशातल्या बरैल थरांत, सुमारे ३ कोटी ८० लाख वर्षांपूर्वीच्या गाळात, हिमालयातून आलेले कण मिळाले. म्हणजे सिमल्याजवळ काही साचत नव्हतं तेव्हाही हिमालय झिजत होता.

तेव्हा मंडळी, पुढच्या वेळी गंगेच्या किंवा ब्रह्मपुत्रेच्या काठी गेलात, तर मूठभर वाळू हातात घ्या. आजच्या हिमालयाची नोंद तिच्यात लिहिली जातेय. भेटू पुढच्या भागात.