पाणी साठवायचे नाही, थोपवायचे

पावसाची मोठी सर आली की शाळेच्या पत्र्याकडे आणि मैदानाकडे लक्ष ठेवा. पत्र्याच्या पागोळ्या सरीबरोबर सुरू होतात आणि सर थांबली की लगेच कमी होतात. मैदानावरून मात्र पाणी उशिरा निघते, थोडे निघते आणि पाऊस थांबल्यावरही बराच वेळ ओघळत राहते. शेतजमिनीवर नवी वसाहत उभी राहते तेव्हा मैदानाचा जणू पत्राच होतो. पाऊस तेवढाच पडतो. बदलते ते त्याचे वाहणे.

किती बदलते, हे सोप्या हिशेबाने पाहू. समजा, एक हेक्टर जमिनीवर तासाभरात ५० मिलिमीटर पाऊस पडला. १०,००० चौरस मीटर गुणिले ०.०५ मीटर म्हणजे ५०० घनमीटर, अर्थात पाच लाख लिटर पाणी झाले. यातला किती भाग जमिनीवरून वाहून जाईल, ते माती, उतार आणि पृष्ठभाग यांवर ठरते. या प्रमाणाला अपधाव गुणांक म्हणतात. शेतासाठी तो ०.३ आणि छपरे, रस्ते, फरशा असलेल्या वसाहतीसाठी ०.८ धरू. शेतातून १५० घनमीटर पाणी वाहील, तर वसाहतीतून ४००. सेकंदाच्या भाषेत सांगायचे तर पूर्वी सुमारे ४२ लिटर येत होते, आता १११ लिटर येतात. खालच्या अंगाचा नाला मात्र पूर्वीएवढाच आहे. त्यामुळे भराव घालून उंच केलेली नवी वसाहत कोरडी राहते आणि पाणी शिरते ते उताराखालच्या जुन्या घरांत.

उपाय कोणता?

नाला रुंद केला तर तेच पाणी आणखी खालच्या वस्तीपर्यंत लवकर पोहोचते. म्हणून दुसरा मार्ग असा, की जादा पाणी वसाहतीतच थोडा वेळ थोपवायचे आणि पूर्वीच्याच वेगाने सोडायचे. आपल्या उदाहरणात ४०० वजा १५० म्हणजे २५० घनमीटर पाणी थोपवावे लागेल. दीड मीटर खोल तळे केले तर त्याला सुमारे १६७ चौरस मीटर जागा लागते, म्हणजे एकूण जमिनीच्या दोन टक्क्यांहूनही कमी. प्रत्यक्षात ते थोडे मोठे ठेवावे लागते, कारण तळे भरत असताना तळाच्या छिद्रातून सुरुवातीला ४२ लिटरपेक्षा कमीच पाणी जाते.

या छिद्राचा एक गुण विद्यार्थ्यांना दाखवण्यासारखा आहे. त्यातून बाहेर पडणारा प्रवाह खोलीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो. पाणी चौपट खोल झाले तरी प्रवाह दुप्पटच होतो. प्लॅस्टिकच्या उंच बाटलीच्या तळाजवळ छिद्र पाडून हे मोजता येते. छिद्राच्या वर ५ सेंटिमीटर आणि २० सेंटिमीटर पाणी कायम ठेवून, दर वेळी दहा सेकंदांत किती पाणी बाहेर पडते ते पाहा.

इथे एक गल्लत टाळली पाहिजे. पर्जन्यजल साठवण्याची टाकी भरलेली असली तर उपयोगी. पाणी थोपवण्याचे तळे पावसाआधी रिकामे असले तरच उपयोगी. एकाच टाकीकडून दोन्ही कामांची अपेक्षा ठेवली तर दुसरी मोठी सर थेट नाल्यात जाते.

नवी मुंबईचे धारण तलाव

१९७० साली स्थापन झालेल्या सिडकोने खाडीकाठी नवी मुंबई वसवली. तिथल्या सखल भागांत आणखी एक अडचण होती. मोठ्या भरतीच्या वेळी नाल्यांचे पाणी खाडीत जाऊ शकत नाही. उलट खाडीच आत येऊ पाहते. म्हणून वाशी, बेलापूर यांसारख्या ठिकाणी धारण तलाव केले गेले. त्यांच्या तोंडाशी झडपा असतात. भरतीच्या दाबाने त्या मिटतात आणि ओहोटीला आतल्या पाण्याच्या दाबाने उघडतात. भरतीपासून ओहोटीपर्यंत सहा तासांहून थोडा अधिक वेळ जातो. झडपा मिटलेल्या असतील तोवर पडणारा पाऊस तलावाने पोटात ठेवायचा, अशी ही योजना आहे.

पुढे या तलावांत गाळ साचला आणि गाळावर खारफुटी वाढली. खारफुटी मोलाची आहे, तिला संरक्षण आहे आणि ती हटवायला उच्च न्यायालयाची परवानगी लागते. त्यामुळे गाळ काढणे अवघड होऊन बसले. दीड मीटर खोल तळ्यात अर्धा मीटर गाळ साचला तर एक तृतीयांश जागा गेली. नकाशावर मात्र तळे तेवढेच दिसते! तळे खोदण्याइतकेच ते दरवर्षी, झाडे रुजण्यापूर्वी, साफ करणे महत्त्वाचे आहे.

अर्थात कोणतेही तळे ठरावीक पावसासाठीच आखलेले असते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. अशा दिवशी तळी भरून वाहणारच. दर पावसाळ्यात येणाऱ्या मोठ्या सरींसाठी मात्र ती पुरी पडू शकतात.

आपल्या शाळेचे छप्पर विद्यार्थ्यांकडून मोजून घ्या. ४०० चौरस मीटर छपरावर ५० मिलिमीटर पाऊस म्हणजे २०,००० लिटर पाणी. मग ते कोणत्या गटारातून कोणाच्या दारापर्यंत जाते, याचा माग त्यांना काढू द्या.