व्हिडिओ खेळाचा प्रारंभभाग

व्हिडिओ खेळ सुरू झाल्यापासून खेळाडूस त्याचे मूलभूत नियम, उद्दिष्ट व वातावरण यांचा परिचय होईपर्यंतच्या भागास प्रारंभभाग म्हणतात. शीर्षक-पडदा, कथेची पार्श्वभूमी सांगणारी दृश्ये आणि प्रत्यक्ष खेळाचा पहिला टप्पा यांचा त्यात समावेश होतो. चित्रपटाचा आरंभ प्रेक्षक केवळ पाहतो; व्हिडिओ खेळाचा आरंभ मात्र खेळाडूस स्वतः पार पाडावा लागतो आणि हरल्यास अनेकदा पुन्हा तेथूनच सुरुवात करावी लागते. म्हणून तो नवख्यास सुबोध आणि सरावलेल्यास रंजक वाटावा, अशी दुहेरी अपेक्षा असते.

आरंभीचे खेळ सार्वजनिक ठिकाणी, नाणे टाकून चालणाऱ्या यंत्रांवर खेळले जात. पॅक-मॅन (१९८०) या जपानी खेळाचे यंत्र रिकामे असताना पडद्यावर त्यातील भुतांची नावानिशी ओळख करून दिली जाई व खेळाचे प्रात्यक्षिक आपोआप चाले. नाणे टाकून खेळ सुरू करताच काही सेकंदांची धून वाजून खेळास आरंभ होई. दीर्घ प्रस्तावनेस येथे वाव नव्हता. घरगुती यंत्रांचा प्रसार झाल्यावर प्रारंभभागाच्या रचनेचा स्वतंत्र विचार होऊ लागला.

या रचनेचे अभिजात उदाहरण म्हणजे निंटेंडो या जपानी कंपनीच्या ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ (१९८५) या खेळाचा पहिला टप्पा होय. शिगेरू मियामोतो व ताकाशी तेझुका हे त्याचे प्रमुख रचनाकार. आरंभी मारिओ हे पात्र पडद्याच्या डाव्या बाजूस, उजवीकडे तोंड करून उभे असते व समोरची जागा मोकळी असते. त्यामुळे कोणत्या दिशेने जावयाचे हे शब्दांवाचून कळते. थोडे पुढे गेल्यावर प्रश्नचिन्हांकित ठोकळा दिसतो व एक शत्रू सावकाश समोरून येतो. त्याचा स्पर्श झाल्यास डाव जातो; परंतु खेळ नुकताच सुरू झाला असल्याने नुकसान काही सेकंदांचेच असते. उडी मारणे हा उपाय खेळाडूस लगेच सापडतो. पुढील ठोकळ्यातून बाहेर पडणारे अळंबे आकाराने शत्रूसारखेच भासते. ते उजवीकडे सरकते, नळास आपटून मागे वळते व खेळाडूकडे येते. डोक्यावर विटांची रांग असल्याने ते चुकविणे अवघड जाते. त्याच्या स्पर्शाने मारिओ मोठा होतो आणि ही वस्तू हितकारक आहे, हे अनुभवाने पटते. ही मांडणी हेतुपुरस्सर केली होती, असे मियामोतो यांनी २०१५ मधील मुलाखतीत स्पष्ट केले. याच टप्प्यात पुढे दोन जिन्यांमध्ये आधी भरीव जमीन व नंतर खोल खड्डा येतो. म्हणजेच धोक्याची उडी मारण्यापूर्वी तिचा निर्धोक सराव घडतो.

या खेळात प्रगती साठवून ठेवण्याची सोय नव्हती. सर्व डाव संपले, की खेळाडू सामान्यतः पहिल्या टप्प्याकडे परते. साहजिकच तोच भाग सर्वाधिक वेळा खेळला जाई. तो कंटाळवाणा होत नाही, याचे कारण त्यात दडलेल्या पर्यायांत आहे. चौथ्या नळातून भुयारातील नाण्यांच्या खोलीत उतरून बराच मार्ग टाळता येतो, एका अदृश्य ठोकळ्यात जादा डाव असतो आणि शेवटच्या ध्वजस्तंभावर जितके उंच पोहोचावे तितके गुण अधिक मिळतात. कोजी कोंदो यांचे लयबद्ध संगीतही टप्प्याच्या गतीशी जुळते. पुढे गुप्त मार्गांचा उपयोग करून संपूर्ण खेळ ५ मिनिटांच्या आत संपविण्याच्या स्पर्धा सुरू झाल्या. १९९० नंतरच्या दशकात या यंत्राच्या स्वस्त नकला भारतात सर्वत्र विकल्या गेल्या. इंग्रजी वा जपानी न येणाऱ्या मुलांनाही हा खेळ आत्मसात करता आला, याचे श्रेय या निःशब्द शिकवणीस द्यावे लागेल.

नंतरच्या काळात प्रारंभभाग अधिक कथात्म झाला. ‘हाफ-लाइफ’ (१९९८) या अमेरिकन खेळाच्या आरंभी एका वैज्ञानिकाच्या भूमिकेतील खेळाडू रुळांवरील डब्यातून भूमिगत संशोधनकेंद्रात जातो. डब्यात त्यास हिंडता येते व हवे ते पाहता येते. त्यामुळे कथा सांगितली जात असतानाही नियंत्रण त्याच्याकडेच राहते. ‘द लेजंड ऑफ झेल्डा : ब्रेथ ऑफ द वाइल्ड’ (२०१७) मध्ये नायक गुहेतून कड्यावर येतो व त्यास सारा प्रदेश दिसतो, मात्र चार मंदिरे पार करून हवेत तरंगण्याचे साधन मिळेपर्यंत त्यास पठारावरच राहावे लागते. या चार मंदिरांचा क्रम तो स्वतः ठरवू शकतो.

दीर्घ निवेदन व सक्तीच्या सूचना प्रथम खेळताना उपयुक्त ठरल्या, तरी दुसऱ्या वेळी त्यांचा जाच होतो. म्हणून त्या वगळण्याची सोय अनेक खेळांत दिलेली असते. कृतीतून मिळालेल्या शिकवणीस मात्र वगळण्याची गरज पडत नाही. कारण जाणत्या खेळाडूस तोच भाग कौशल्य दाखविण्याची संधी ठरतो. प्रारंभभागाची स्मरणीयता देखाव्याच्या भव्यतेपेक्षा या गुणावर अधिक अवलंबून असते.