'पाऊस पडतोय'चं इंग्रजी करताना 'इट' कुठून येतो?

पहिली नोकरी, तिसरा दिवस. लांज्याच्या एसटी स्टँडवर छत्री सांभाळत मी रत्नागिरीच्या ऑफिसला मेसेज टाकला, "ऑल्दो हेवी रेन, बट विल कम." सरांचा रिप्लाय आला, "हू विल कम?"

कोण म्हणजे काय, मीच की!

मराठीत "येईन" म्हटलं की विषय संपतो. येईन म्हणजे मी, येशील म्हणजे तू, येतील म्हणजे ते. माणूस क्रियापदाच्या शेपटीतच असतो, म्हणून सर्वनाम गाळलं तरी चालतं. इंग्रजीत ही शेपटी जवळपास झडून गेली आहे. आय, यू, ही, दे, सगळ्यांना 'विल कम'च. क्रियापद सांगत नाही, मग सर्वनामालाच सांगावं लागतं.

पावसाचंही तसंच. मराठीत पाऊस पडतो, म्हणजे पाऊस हा कर्ता. इंग्रजीत 'रेन' स्वतःच क्रियापद होतं आणि कर्त्याची जागा मोकळी पडते. ती मोकळी ठेवायची सोय नाही, म्हणून तिथे 'इट' बसवतात. "इट इज रेनिंग"मधला 'इट' कोण, असं विचारू नका. कोणीच नाही. एसटीत रुमाल टाकून सीट धरतात ना, तो रुमाल.

माझी पुढची चूक जरी-तरीची. "जरी पाऊस असला तरी मी येईन" यात मराठीला जोडी लागते. आपण जरीला 'ऑल्दो' लावतो, तरीला 'बट', आणि फसतो. इंग्रजीत या सांध्याला एकच शब्द पुरतो: "ऑल्दो इट इज रेनिंग, आय विल कम" किंवा "इट इज रेनिंग, बट आय विल कम." शिवाय 'ऑल्दो'मागे नुसतं 'हेवी रेन' चालत नाही, क्रियापद लागतं. नुसतं नाम ठेवायचं असेल तर 'डिस्पाइट'.

जर-तरमध्ये खरी गंमत आहे. "जर पाऊस पडला, तर गाडी उशिरा येईल." पाऊस अजून पडायचाय, तरी आपण 'पडला' म्हणतो. इंग्रजी तिथे वर्तमानकाळ घेतं: "इफ इट रेन्स, द बस विल बी लेट." 'इफ इट विल रेन' इथे चालत नाही.

हे शाळेत का कळलं नाही? मला वाटतं, नावं सारखी म्हणून. दादोबा पांडुरंग तर्खडकरांचं मराठी व्याकरण १८३६ मध्ये आलं, त्याचा साचा इंग्रजी व्याकरणाचा होता. सर्वनाम, क्रियापद, उभयान्वयी अव्यय ही खाती दोन्हीकडे आहेत, पण कामाची वाटणी वेगळी आहे. "स्टँडवर येऊन, तिकीट काढून बसले" यात आपल्याला 'आणि' लागतच नाही, 'ऊन' जोडून देतो. इंग्रजीत "आय केम टू द स्टँड, बॉट अ टिकेट अँड सॅट डाउन." आता बघा, 'आय' एकदाच आलाय. 'अँड'ने जोडलं की एक सर्वनाम तीन क्रियापदं ओढतं.

गाडी शेवटी तासाभराने आली. मी घाईघाईत लिहिलं, "शी हॅज कम."

पुन्हा सर, "हू?"

एसटी आपल्याकडे 'ती' असते. इंग्रजीत तिथेही 'इट'.