पाळणाघर, परवाना आणि प्राप्तिकर

घरकाम सांभाळून शेजारची चार मुले राखावयाची आणि त्याबद्दल त्यांच्या आईवडिलांकडून दरमहा काही घ्यावयाचे, हा उद्योग पुण्यामुंबईस नवा नाही. अमेरिकेतही असंख्य स्त्रिया तो आपल्या राहत्या घरी करतात. तेथे मात्र त्यांचा संबंध दोन सरकारांशी येतो. पाळणाघराचा परवाना राज्य सरकार देते आणि प्राप्तिकर मुख्यतः संघ सरकार घेते. पहिल्याचा परवाना नसला की दुसऱ्याचे देणेही नाही, अशी एक समजूत आढळते. ती सर्वस्वी चुकीची होय. परवाना असो वा नसो, मिळकत ती मिळकतच. शिवाय करसवलत मागणाऱ्या आईवडिलांना मुले सांभाळणाऱ्या बाईचे नाव, पत्ता आणि करक्रमांक आपल्या विवरणपत्रात लिहावा लागतो. तेव्हा मिळकत लपविणे वाटते तितके सोपेही नसते.

कर निव्वळ नफ्यावर बसतो. म्हणून खेळणी, रंग, कागद, आणि मुख्य म्हणजे मुलांना दिलेले खाणे, यांचा खर्च परवाना नसलेल्या बाईसही वजा करता येतो. स्वतःच्या मुलांचे जेवण अर्थातच त्यात धरावयाचे नाही.

अडचण येते ती घराची. १९७६ साली अमेरिकन काँग्रेसने असा निर्बंध घातला की, घराचा जो भाग केवळ धंद्यासाठीच वापरला जातो, त्याचाच खर्च सामान्यतः वजा व्हावा. पाळणाघराला हे कसे जमावे? दिवसा जेथे मुले खेळतात, तेथेच रात्री कुटुंबाची पंगत बसते. ही अडचण ध्यानी घेऊन १९७७ साली पाळणाघरांना अपवाद मिळाला. पण त्याला अट जोडली गेली: राज्याच्या कायद्यानुसार परवाना मिळालेला असावा, किंवा त्यासाठी अर्ज केलेला असावा, किंवा परवान्याची आवश्यकताच नसावी.

या अपवादाची किंमत हिशेबानेच कळते. समजा, घर २,००० चौरस फुटांचे आहे आणि मुलांसाठी नित्य वापरात येणारा भाग १,००० चौरस फुटांचा, म्हणजे निम्मा. आठवड्यास ५५ तास याप्रमाणे ५० आठवडे काम चालले, तर २,७५० तास होतात. वर्षाचे तास ८,७६०. म्हणजे प्रमाण सुमारे ३१.४ टक्के. त्याचे निम्मे १५.७ टक्के. भाडे, वीज, विमा यांवर वर्षाकाठी २४,००० डॉलर जात असतील, तर सुमारे ३,७७० डॉलर नफ्यातून वजा होतात. अट न पाळणाऱ्या बाईस यातील काहीच मिळत नाही. मुलाच्या मुखातील घास कायद्यास मान्य, डोक्यावरचे छप्पर मात्र अमान्य, असा हा विलक्षण न्याय आहे.

निव्वळ कमाई ४०० डॉलर झाली की स्वयंरोजगाराचा वेगळा कर द्यावा लागतो. त्याचा दर १५.३ टक्के, आणि तो आकारताना घराची वजावट पुन्हा आठवते. पण याच करातून वृद्धापकाळच्या निवृत्तिवेतनाचा हक्क साठत जातो, हे मिळकत न दाखविणाऱ्या बाईच्या सहसा लक्षात येत नाही. त्या हक्कासाठी साधारणतः दहा वर्षांच्या कामाची नोंद लागते.

"परवाना नाही" आणि "परवाना नको" यांतील भेद येथे महत्त्वाचा आहे. कॅलिफोर्नियात स्वतःच्या मुलांखेरीज अन्य एकाच कुटुंबाची मुले सांभाळणाऱ्या बाईस परवाना लागत नाही. तिला घराच्या खर्चाची वजावट घेता येते. तिनेच दुसऱ्या एखाद्या कुटुंबाचे मूल ठेवून घेतले आणि परवान्याचा अर्ज केला नाही, तर ती वजावट जाते. अर्ज केला असेल, तर तो फेटाळला जाईपर्यंत ती चालू राहते. म्हणून अशा बाईने अर्जाची तारीखवार पोच भाड्याच्या पावत्यांसोबतच जपून ठेवावी.