बाळाचं पोट : साधं काय, धोक्याचं काय?

मागच्या भागानंतर सर्वात जास्त प्रश्न आले ते बाळाच्या पोटाबद्दल. इंदूर असो, बडोदा असो की हैदराबाद, प्रश्न तेच. एकेक घेऊ.

दूध ओकणं. अन्ननलिका आणि जठर यांच्यामधला स्नायू पहिले काही महिने सैल असतो. म्हणून ढेकरेबरोबर दूध वर येतं. वजन वाढतंय, बाळ हसतंय, तर मी औषध देत नाही. पाजल्यावर खांद्यावर घ्या, ढेकर काढा. पण उलटी हिरवी असेल, तर आतड्यात अडथळा असू शकतो. सकाळची वाट पाहू नका, लगेच रुग्णालय गाठा.

संध्याकाळचं रडणं. हा पोटशूळ दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात सुरू होतो, सहाव्या आठवड्याच्या सुमारास वाढतो आणि तीन-चार महिन्यांत बहुधा ओसरतो. त्यासाठी आईला नुसत्या वरणभातावर ठेवू नका. सहा महिने फक्त आईचं दूध. गुटी नको, ग्राइप वॉटर नको, वरचं पाणीही नको. मध तर वर्षभर नाहीच. त्यातल्या जिवाणूंच्या बीजांमुळे बोट्युलिझम हा गंभीर आजार होऊ शकतो.

शी न होणं. फक्त अंगावर पिणाऱ्या, महिन्यावरच्या बाळाला चार-पाच दिवस शी झाली नाही, पण झाली तेव्हा मऊ असेल, तर ते बद्धकोष्ठ नव्हे. विड्याच्या पानाचा देठ किंवा साबणाची कांडी घालू नका. पोट फुगलं किंवा बाळ दूध पिईना, तर मात्र दाखवा.

जुलाब. इथे मला खरी काळजी वाटते. बाळ जुलाबाने जातं ते मुख्यतः अंगातलं पाणी संपून. म्हणून दूध थांबवू नका. ओआरएसचं पाकीट त्यावर लिहिलेल्या मापानेच कालवा. मोठं पाकीट असेल तर पूर्ण १ लिटर पाण्यात. दुकानातलं गोड पेय म्हणजे ओआरएस नव्हे. सोबत १४ दिवस झिंक : दोन ते सहा महिन्यांच्या बाळाला रोज १० मिलिग्रॅम, त्यापुढे २०. जुलाब थांबले तरी झिंक पूर्ण करा.

डोळे किंवा टाळू खोल गेली, सहा तास लघवी नाही, शीत रक्त, बाळ सुस्त : यातलं एकही दिसलं तर घरी थांबायचं नाही.

आणि ६, १०, १४ आठवड्यांची रोटाव्हायरसची लस चुकवू नका. सरकारी केंद्रात ती मोफत मिळते.