टोळ्या निघण्याआधी शाळेचे मैदान भरू द्या

आष्टीसारख्या गावात प्राथमिक शाळेच्या खेळांचा दिवस म्हटला की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे जानेवारी महिना येतो. दिवाळीची सुट्टी संपलेली, सहामाही परीक्षा आटोपलेली, हवा गार आणि समोर सव्वीस जानेवारी. शिक्षकांच्या सोयीने पाहिले तर याहून चांगला काळ नाही. पण त्या दिवशी कुणी हजेरीपट उघडून पाहावा. काही नावे पटावर असतात, मुले मात्र मैदानावर नसतात. ती आईबापांबरोबर सांगली-कोल्हापूरकडे, अहिल्यानगरकडे नाहीतर कर्नाटकात, कुठल्या तरी कारखान्याच्या फडावर कोपीपुढे धाकट्या भावंडाला सांभाळत बसलेली असतात.

परतूर तालुक्यातून आणि शेजारच्या मंठा-घनसावंगीतून दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. मुकादमाची उचल आधीच घेतलेली असते, ती फेडायला जावेच लागते. माणसे परततात ती मार्च-एप्रिलात. हंगामी वसतिगृहाच्या सोयीने किंवा आजीच्या भरवशावर काही लेकरे मागे राहतात, सगळी नाही. ही लेकरे कुणाची, हे या पानाच्या वाचकांना सांगायला नको. भूमिहीनांची, भटक्यांची, आपल्याच वस्तीतली. मग जानेवारीत पहिला-दुसरा नंबर काढला जातो तो गावात उरलेल्यांमधून. केंद्राच्या आणि तालुक्याच्या स्पर्धांसाठी संघ निवडला जातो तोही त्यांच्यातूनच. जे पोर वाऱ्यासारखे पळते ते पळण्याच्या दिवशी गावातच नसते.

म्हणून खेळांच्या दिवसाची आखणी करायची तर बक्षिसांच्या यादीपासून नव्हे, तारखेपासून सुरुवात करावी.

29 ऑगस्ट हा ध्यानचंदांचा जन्मदिवस राष्ट्रीय क्रीडा दिन म्हणून साजरा होतो. खाशाबा जाधवांचा जन्मदिवस, 15 जानेवारी, 2024 पासून महाराष्ट्राचा राज्य क्रीडा दिन झाला आहे. त्या दिवशी दोघांच्या तसबिरीला हार जरूर घालावा आणि मुलांना त्यांची माहिती द्यावी. पण ऑगस्टात आपल्याकडची काळी माती पायाला धरून ठेवते, तिथे शर्यत कसली घेणार! आणि जानेवारीची गोष्ट वर सांगितलीच. उरतो दसऱ्याच्या मागचा-पुढचा शनिवार. त्या सुमाराला पाऊस बराचसा ओसरलेला असतो, टोळ्या अजून गावात असतात आणि शनिवारी सकाळची शाळा असते. परतीच्या पावसाचा नेम नाही, तेव्हा पुढचा शनिवार राखीव धरून ठेवावा. सोयाबीनच्या काढणीचे गुत्ते याच दिवसांत चालते हे खरे. पण सकाळी साडेसातला सुरुवात करून साडेदहाला मैदान मोकळे केले तर आई घटकाभर थांबून, लेकराला पळताना पाहून मग रानात जाऊ शकते. दुपारी ठेवले तर ती येणारच नाही.

हे ठरवायचे कुणी? मुख्याध्यापकांनी एकट्याने नव्हे. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने प्रत्येक शाळेला शाळा व्यवस्थापन समिती दिली आहे. तिच्यात तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि एकूण निम्म्या महिला असायला हव्यात. दुर्बल घटकांतल्या पालकांनाही त्यांच्या प्रमाणात जागा आहे. आपल्यापैकी कितीतरी जण या समितीवर असतात, पण सहीपुरते. जुलैच्या बैठकीत हात वर करून एवढेच विचारावे, ‘टोळ्या निघायच्या आत खेळ होतील का?’ प्रश्न इतिवृत्तात लिहून घ्यायला लावावा. मैदान आणि खेळाचे साहित्य हेही याच कायद्यात लिहिलेले आहे, ते कुणाचे उपकार नाहीत.

आता प्रत्यक्ष दिवस. पटावर 180 मुले आहेत असे धरू. नेहमीच्या पद्धतीत एक शर्यत चालते आणि दीडशे मुले उन्हात बसून बघतात. त्यापेक्षा तीस-तीस मुलांचे सहा गट करावेत, प्रत्येक गटात पहिलीपासून पाचवीपर्यंतची मुले मिसळावीत आणि पाचवीच्या मुला-मुलींना गटप्रमुख नेमावे. मैदानावर सहा ठिकाणी सहा खेळ मांडावेत. प्रत्येक ठिकाणी वीस मिनिटे, मग शिट्टी वाजली की गट पुढच्या खेळाकडे. दोन तासांत प्रत्येक मूल सहाही खेळ खेळून मोकळे होते. पळताना मात्र जोड उंची बघून लावावी, इयत्ता बघून नव्हे. एकाच वर्गात एक पोर दुसऱ्याच्या खांद्याला लागते, हे आपण बघतोच.

शिक्षक कमी पडतात ही अडचण खरी आहे. तिथे वस्तीतल्या मंडळाच्या पोरांनी पुढे व्हावे. आदल्या संध्याकाळी मैदान झाडणे, बाभळीचे काटे नि काचा वेचणे, सुतळी ताणून फक्की मारणे, ही कामे त्यांची. काटे वेचण्यात कुचराई नको. निम्मी मुले अनवाणी पळणार आहेत, आणि ज्यांना बूट आहेत त्यांनीही त्या दिवशी ते काढूनच पळावे.

खेळ साधेच घ्यावेत. पळणे, लंगडी, बेडूकउड्या, चेंडूफेक, लिंबू-चमचा आणि पोत्यांची शर्यत. पोती परतूरच्या मोंढ्यातून किंवा किराणा दुकानातून मागून आणता येतात, पण ती धान्याचीच हवीत. खताची किंवा औषध लागलेली पोती कितीही धुतली तरी लेकरांच्या अंगाला लावू नयेत. तागाचे बारदान मिळाले तर उत्तम, प्लास्टिकच्या पोत्यात पाय घसरतो. लिंबू-चमच्यात चमचा तोंडात धरायचा असेल तर प्रत्येकाने आपापला आणावा. (पडलेली लिंबे नंतर धुऊन सरबतात जातात, हे सर्वांना ठाऊक असते. त्याबद्दल न बोललेले बरे.) रस्सीखेच सर्वांत शेवटी घ्यावी आणि दोर हाताला गुंडाळू देऊ नये. एखाद्या मुलाच्या पायात अधू असेल तर त्याच्यासाठी दयेची वेगळी शर्यत काढू नये. चेंडूफेक त्याला येते, शिट्टी आणि घड्याळ सांभाळणेही येते.

खो-खोची आवड असलेल्यांनी मोठ्या मुलींचा एक डाव जरूर लावावा. जानेवारी 2025 मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. भारताच्या मुलींनी आणि मुलांनी दोन्ही चषक जिंकले, आणि दोन्ही संघांचे कर्णधार, प्रियंका इंगळे नि प्रतीक वाईकर, महाराष्ट्रातलेच. दोन खांब नि चुन्याच्या रेघा, एवढ्याच भांडवलावरचा हा खेळ.

पाण्याबद्दल थोडे जास्त लिहितो. ऑक्टोबरच्या उन्हात दर गटाच्या वाटेवर पाणी हवे. एका लिटरला सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घातलेले पाणी थकलेल्या मुलासाठी वेगळे ठेवावे. पण माठ एकच, ओगराळे एकच आणि घेणारे हात सगळ्यांचे. साताऱ्याच्या शाळेत शिपाई हजर नसला तर लहानग्या भीमरावाला तहानलेलेच राहावे लागे, कारण नळाला हात लावायची त्याला मुभा नव्हती. हे बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवले आहे. आज तसे उघड कुणी करत नाही. तरीही पाणी कोण वाढतो, कुणाच्या घरचा माठ येतो, कुणाची लेकरे स्वतःची बाटली घेऊन बाजूला बसतात, यावर समितीतल्या आयांनी लक्ष ठेवावे. माठ भरण्याचे काम प्रत्येक वस्तीतल्या एकेका आईकडे द्यावे.

पाहुणे हा आपल्याकडचा जुना आजार. साहेबांची गाडी परतूरहून निघाली आहे असे तासभर ध्वनिक्षेपकावरून सांगितले जाते आणि पहिलीची लेकरे रांगेत उभ्या उभ्या पेंगतात. पाहुणे येवोत न येवोत, साडेसातला शिट्टी वाजलीच पाहिजे. उशिरा आले तर बक्षिसे त्यांच्या हस्ते द्यावीत, भाषण पाच मिनिटांचे.

वर्गणी मुलांकडून मुळीच मागू नये. वीस रुपयांसाठी लेकरू त्या दिवशी घरीच राहते आणि कारण सांगत नाही. मोठ्या ढाली नकोत, वही-पेन पुरे, आणि सहा खेळ पूर्ण करणाऱ्या प्रत्येकाला एक वही.

बीड जिल्ह्यातही एक आष्टी आहे. त्या तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे शेतकऱ्याचा मुलगा. त्याने 3000 मीटर अडथळ्यांच्या शर्यतीत 2022 साली बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत रौप्यपदक आणि 2023 साली हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक मिळवले. आपल्या आष्टीत असे कुणी आहे की नाही, हे सगळी मुले पळाल्याशिवाय कळणार कसे?

प्रत्येक मुलाची वेळ नि अंतर एका वहीत लिहून ठेवावे. डिसेंबर-जानेवारीत तालुक्याचा संघ निवडताना ती वही टेबलावर असली पाहिजे, म्हणजे फडावर गेलेल्या मुलाच्या बापाला वेळेवर फोन तरी करता येईल. आणि प्रमाणपत्रे त्याच दिवशी सह्या करून हातात द्यावीत. सोमवारी देऊ म्हटले तर सोमवारपर्यंत एखाद्या टोळीचा ट्रक गेलेला असतो.