सोडचिठ्ठीनंतरची पोटगी

गडचिरोलीत एकाच गावातल्या बौद्ध आणि माडिया बाईला घटस्फोटाचा कायदा एक नाही. १९५५ चा हिंदू विवाह कायदा बौद्धांना लागू आहे. अनुसूचित जमातींना, केंद्राने अधिसूचना काढल्याखेरीज, तो लागू नाही. तिथे जमातीची रूढी चालते. पोटगीचा हक्क मात्र दोघींना सारखाच. पूर्वीचे कलम १२५ हे १ जुलै २०२४ पासून नव्या संहितेत कलम १४४ झाले, गाभा तोच. काडीमोड झालेली बाईही पुनर्विवाहापर्यंत पोटगी मागू शकते, आणि अर्ज ती राहते त्या जिल्ह्यात करता येतो.

कार्यकर्त्यांनी खरे जपायचे ते स्टँपपेपरवरच्या 'राजीखुशीने वेगळे राहतो' या ओळीला. परस्परसंमतीने वेगळ्या राहणाऱ्या पत्नीची पोटगी कायदाच नाकारतो. बाईला ती ओळ वाचून दाखवल्याशिवाय अंगठा उठवू देऊ नये. लेकराची पोटगी त्या कागदाने बुडत नाही. त्याच्या ताब्याचा अन् भेटीचा निर्णयही न्यायालयाने त्याचे हित पाहूनच द्यायचा असतो.